ल्युपस आणि हृदय: खेड्यात राहून धोका कसा ओळखावा आणि कसा आवरावा

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपसचे निदान झाले तेव्हा ती २६ वर्षांची होती. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू कापूस-तुरीचे कास्तकार. पुढची चार-पाच वर्षे घरातल्या सगळ्यांचे लक्ष तिचे सांधे, गालावरचा लाल चट्टा, गळणारे केस आणि लघवीतून जाणारी प्रथिने यांवरच खिळलेले होते. हृदयाचा विषय पहिल्यांदा निघाला तो एका रात्री तिची छाती दुखू लागली आणि आडवे पडले की श्वास अडकू लागला तेव्हा. जवळच्या रुग्णालयात तिला ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन परत पाठवण्यात आले. "ताई, या वयात कुठला हार्टचा त्रास, जेवण उशिरा झालं असेल," असे सांगताना तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढण्याचीही गरज मानली नाही. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयात टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचल्याचे दिसले. ती बरी झाली. मात्र ल्युपसच्या रुग्णाचे हृदय तिच्या वयावरून जोखायचे नसते, ही गोष्ट आम्हाला निदानाच्या दिवशीच कळायला हवी होती, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. यातील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. काय विचारायचे, काय मोजायचे आणि कुठे जायचे एवढेच यातून घ्यावे.

आधी धोका नेमका किती, ते समजून घ्या

ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते. दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात सुरू होतो. १९७६ साली टोरांटोच्या मरे उरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ल्युपसमधले मृत्यू दोन टप्प्यांत होतात. निदानानंतर लवकर होणारे मृत्यू आजाराच्या उसळीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे होतात, तर अनेक वर्षांनंतर होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा झटका हे मोठे कारण असते, आणि तेही त्या वेळी ल्युपस बऱ्यापैकी शांत असताना. पुढे १९९७ साली पिट्सबर्ग विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ४४ वर्षांच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावातील हृदयविकाराच्या प्रसिद्ध पाहणीतील त्याच वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत, ५० पटींहून अधिक आढळले.

हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्या वयाच्या निरोगी स्त्रीला झटका येण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते, आणि थोड्याची ५० पट म्हणजे दर दुसरी बाई नव्हे. सर्व वयोगट एकत्र धरले तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट भरतो. परंतु ज्या वयात डॉक्टर, नातेवाईक आणि सरकारी तपासणी मोहिमा यांपैकी कोणाच्याच मनात हृदयाचा विचार येत नाही, नेमका त्याच वयात हा फरक सर्वांत मोठा असतो.

हे का घडते, तेही थोडक्यात सांगतो. आजार धुमसत राहिला की रक्तवाहिन्यांचे आतले नाजूक अस्तर सतत सुजलेले राहते आणि त्यावर चरबीचे थर लवकर चढतात. मूत्रपिंडांना इजा झाली असेल तर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढतात. स्टेरॉईडच्या गोळ्या आजार आवरतात, पण जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ घेतल्यास साखर, वजन, रक्तदाब आणि चरबी वाढवतात. काही रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडे असतात, त्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. याशिवाय तंबाखू, आनुवंशिकता, मधुमेह ही इतर माणसांना लागू असणारी कारणे इथेही लागू असतातच. म्हणून केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून "सगळे ठीक आहे" म्हणणे ल्युपसमध्ये पुरेसे ठरत नाही.

पहिली पायरी: एक वही आणि पहिल्या नोंदी

निदान झाल्याच्या महिन्याभरात दोनशे पानी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी लिहा: वय, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आहे का, तंबाखूचे कोणते व्यसन आहे आणि गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, गर्भपात किती वेळा झाले. शेवटचे दोन प्रश्न बायका सहसा सांगत नाहीत आणि डॉक्टरही घाईत विचारत नाहीत. परंतु गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब पुढील आयुष्यातील हृदयविकाराची पूर्वसूचना असतो आणि वारंवार होणारे गर्भपात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांकडे बोट दाखवतात. कमरेचा घेर भारतीय स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप त्यासाठी पुरते.

त्यानंतर या तपासण्या एकदा करून घ्याव्यात: लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबी), उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम सांगणारी रक्तचाचणी), लघवीतील प्रथिने, ईसीजी आणि अँटिफॉस्फोलिपिडच्या तीन चाचण्या, म्हणजे ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. या तीनपैकी एखादी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर निष्कर्ष काढत नाहीत. किमान १२ आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापातही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. ही दुसरी चाचणी राहून जाण्याचे प्रमाण फार आहे. पहिली चाचणी झाली त्याच दिवशी वहीत दुसरीची तारीख लिहून ठेवा.

ईसीजीबाबत एक लहान पण उपयोगी सूचना. ज्या कागदावर तो निघतो, तो उष्णतेने पुसट होणारा कागद असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या पेटीत ठेवलेला ईसीजी वर्ष-दोन वर्षांत कोरा होऊन जातो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवावा. पुढे छातीत दुखले तर "आधीचा ईसीजी कसा होता" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

साखरेच्या तपासणीत विदर्भापुरती एक अडचण आहे. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी सर्वत्र सुचवली जाते. पण सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्यांमध्ये, तसेच ल्युपसमुळे तांबड्या पेशी फुटत असल्यास, तिचा आकडा फसवा येतो. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, तेव्हा ती तपासणी आधी झाली नसेल तर करून घ्यावी आणि साखरेसाठी उपाशीपोटी व जेवणानंतरच्या चाचण्यांवर भर द्यावा. स्टेरॉईडची गोळी सकाळी घेतली जाते आणि साखर दुपारनंतर चढते. त्यामुळे नुसती उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निश्चिंत राहू नये.

कोणती तपासणी कुठे होते

गावातील उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि लघवीची साधी पट्टी एवढे सहसा होते. इथे एक खाच लक्षात ठेवा: असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी ३० वर्षांपुढील व्यक्तींसाठी आखलेली आहे, त्यामुळे २२ वर्षांच्या मुलीचे नाव आशाताईंच्या यादीत येणारच नाही. स्वतःहून जाऊन, ल्युपसचे कागद दाखवून, "हिचा बीपी दर महिन्याला मोजून द्या" असे सांगावे लागते. आमच्या अनुभवात या विनंतीला कोणी नाही म्हटलेले नाही. मात्र विनंती केल्याशिवाय कोणी बोलावलेलेही नाही.

ईसीजी आणि बहुतेक रक्ततपासण्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. टू-डी इको, अँटिफॉस्फोलिपिडच्या चाचण्या आणि तज्ज्ञांचा सल्ला यांसाठी मात्र मोठे रुग्णालय गाठावे लागते. नागपूरचे मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मिहानमधील एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालय, तसेच यवतमाळ व अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही आपल्या आवाक्यातील ठिकाणे. सर्व ठिकाणी रोज संधिवाततज्ज्ञ असतोच असे नाही. ओपीडीचा वार आधी विचारून घ्यावा, नाहीतर एक दिवसाची रोजी आणि भाडे दोन्ही वाया जाते.

पैशांबाबत थोडक्यात सांगायचे तर, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत, परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत. म्हणून ज्या तपासण्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात होतात त्या तिथेच करून अहवाल पुढे न्यावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीसारखे दाखल होऊन घ्यायचे उपचार होतात. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च मात्र आपल्यालाच करावा लागतो, आणि तिथे जनऔषधी केंद्र मोठा आधार ठरते. आणखी एक: कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी आता बहुतेक वेळा उपाशी राहण्याची गरज नसते. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) फार वाढलेले असेल तरच उपाशीपोटी पुन्हा करतात. केवळ "उपाशी नव्हती" म्हणून पहाटेच्या एसटीने पुन्हा बोलावले जात असेल तर हे नम्रपणे विचारून पाहावे.

दुसरी पायरी: रक्तदाब

माझ्या मते घरी बसून करता येण्याजोग्या सर्व गोष्टींत रक्तदाब मोजणे ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ल्युपसमध्ये रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे ध्येय युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दिले आहे. आपल्याकडे १४० पर्यंत "चालतंय" म्हणण्याची सवय आहे. वरचा आकडा सतत १३५-१३८ येत असेल तर वही पुढे करून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र दीड-दोन हजार रुपयांना मिळते; मनगटावरचे घेऊ नये. हा खर्च एका घराला जड असेल तर बचत गटाने मिळून एक घ्यावे, त्याचा उपयोग वस्तीतील म्हाताऱ्या माणसांनाही होतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे भिंतीला पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा, त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. वावरातून आल्याआल्या घामाघूम अवस्थेत मोजलेला आकडा काहीच सांगत नाही. रक्तदाब अचानक वाढू लागला, पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला तर तो मूत्रपिंडांचा इशारा समजून आठवड्याच्या आत लघवीची तपासणी करावी. एरवीही लघवी आणि क्रिएटिनिन साधारण दर तीन महिन्यांनी तपासतात.

तिसरी पायरी: चालू औषधांचा हिशेब

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे आपण जिला एचसीक्यू म्हणतो ती गोळी, बहुतेक रुग्णांना आयुष्यभर घ्यावी लागते. ती आजाराची उसळी टाळते, गुठळ्यांचा धोका कमी करते आणि साखर व कोलेस्टेरॉल यांवरही तिचा बरा परिणाम होतो. तरीही बंद केली जाणारी पहिली गोळी हीच असते, कारण ती घेतल्याने लगेच काही जाणवत नाही आणि शेजारपाजारचे "डोळे जातील" म्हणून घाबरवतात. डोळ्यांचा धोका मात्रेवर अवलंबून असतो. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, आणि आपल्याकडील अनेक बायकांचे वजन ४० किलोच्या आसपास असते हे ध्यानात घेतले तर त्यांच्यासाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅमवरच येऊन थांबते. म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून मात्रा तपासून घ्यावी. सुरुवातीच्या वर्षभरात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. मूत्रपिंडे कमजोर असतील तर त्याआधीपासून. ही गोळी क्वचित हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतलयीवर परिणाम करते, त्यामुळे ताप-खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिनसारखे औषध लिहून मिळत असेल तर एचसीक्यू चालू असल्याचे सांगावे.

स्टेरॉईडबाबत दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे बरे वाटते म्हणून तीच मात्रा वर्षानुवर्षे, तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून घेत राहणे. दुसरी म्हणजे तोंड सुजते म्हणून एका दिवसात बंद करणे. ती जिवावर बेतू शकते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉईड तयार करणे थांबवलेले असते. आजार शांत झाल्यावर प्रेडनिसोलोन (नेहमी दिले जाणारे स्टेरॉईड) हळूहळू उतरवत रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणणे आणि शक्य झाल्यास थांबवणे हे आजचे धोरण आहे. प्रत्येक भेटीत "माझी मात्रा आणखी खाली येईल का" हा एक प्रश्न विचारायचा, एवढे ठरवून टाकावे.

बाजाराच्या दिवशी सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या पुड्या आणि बिननावाच्या गोळ्या यांपासून दूर राहावे. त्यांत अनेकदा स्टेरॉईडच मिसळलेले असते. म्हणूनच त्यांनी दोन दिवसांत "जादूसारखा" फरक पडतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही ल्युपसमध्ये रोजच्या रोज घेण्याच्या नव्हेत. त्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडे बिघडवतात आणि हृदयाचा धोका वाढवतात. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी बाया मूठभर गोळ्या विकत आणतात आणि एकमेकींना वाटतात. त्या वाटणीत ल्युपसच्या बाईने हात पुढे करू नये.

ॲस्पिरिन सरसकट सर्वांना नसते. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे जोरदार पॉझिटिव्ह असलेल्यांना लहान मात्रेत दिले जाते. ज्यांना आधीच गुठळी झाली आहे त्यांना वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध लागते आणि त्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) नियमित तपासावा लागतो. अशा रुग्णांनी आणि नुसती प्रतिपिंडे पॉझिटिव्ह असणाऱ्यांनीही इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन मध्ये इस्ट्रोजेन असते. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन आणि रक्तदाबासाठीच्या 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपणाऱ्या नावांच्या गोळ्या चालू असतील तर मूल हवे असल्याचा विचार मनात येताच, दिवस राहण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावे.

चौथी पायरी: खर्रा

बिडी-सिगारेटचा धोका सर्वांना माहीत असतो. विदर्भात मात्र खरा प्रश्न खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेला खर्रा बऱ्याच लोकांच्या लेखी व्यसनच नव्हे. पानठेल्यावर उभे राहण्याचे निमित्त, वावरात भूक मारण्याचे साधन आणि पाहुण्याला द्यायची वस्तू असे त्याचे स्थान आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी खर्रा हाताने घोटून मिळतच राहतो. बायकांमध्ये नस (तंबाखूची भुकटी) किंवा गुडाखू (तंबाखूची पेस्ट) दाताला लावण्याची सवय असते आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारले तर त्या खरेपणाने "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या मते ते दात घासणे असते. चघळण्याच्या तंबाखूतले निकोटिन रक्तदाब आणि नाडी वाढवते आणि धूर नसला तरी हृदयविकाराने मरण्याचा धोका वाढतोच. जे धूम्रपान करतात त्यांच्यात एचसीक्यूचा गुणही कमी येतो.

सोडायचे कसे, याचे साधे उत्तर नाही. माझ्या बहिणीची नस सुटायला दीड वर्ष लागले. तिने आधी सकाळची वेळ सोडली, मग दुपारची, आणि तल्लफ आली की भाजलेली जवस व ओवा चघळायला ठेवला. घरातल्या पुरुषाने स्वतःचा खर्रा चालू ठेवून बाईला नस सोडायला सांगणे फुकट असते, हेही इथे लिहून ठेवतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ असा असून तो निःशुल्क आहे, आणि गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या उपक्रमातून व्यसनमुक्तीचे काम चालते.

पाचवी पायरी: ऊन टाळायचे, पण चालणे सोडायचे नाही

ही पायरी मला सर्वांत अवघड वाटते, कारण इथे दोन सल्ले एकमेकांवर आदळतात. उन्हातील अतिनील किरणांनी ल्युपस उसळतो, म्हणून डॉक्टर ऊन टाळायला सांगतात. खेड्यात याचा अर्थ असा होतो की बाई निंदण, वेचणी, धानाची रोवणी सगळे सोडून घरात बसते. आयुष्यभर राबलेले शरीर अचानक थांबते, स्टेरॉईडने भूक वाढलेली असते, वजन चढते आणि मनही खचते. ऊन टाळण्याच्या नादात हृदयाला लागणारी हालचालच संपते.

यावर आम्ही काढलेला मार्ग असा: चालणे उजाडण्यापूर्वी किंवा सूर्य मावळल्यावर, आठवड्यातून किमान पाच दिवस अर्धा तास, म्हणजे एकूण १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळी सातनंतर बाहेर राहूच नये. वावरात जाणे अगदी भाग असेल तर वेचणीच्या बाया लुगड्यावरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात तोच उत्तम पोशाख आहे. त्याला रुंद काठाची टोपी किंवा डोक्याभोवती गच्च बांधलेला दुपट्टा आणि उघड्या चेहऱ्यावर सनस्क्रीन यांची जोड द्यावी. सांधे सुजलेले असताना बसल्या जागी हातपाय हलवावेत. ऊन टाळणाऱ्यांमध्ये ड जीवनसत्त्व कमी पडते, ते तपासून घ्यावे.

जेवणाविषयी

इथे फार बदल करावे लागत नाहीत, कारण ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी आणि जवसाची चटणी हे आपले जुने जेवण हृदयाला मानवणारेच आहे. बिघडते ते मिठात आणि तेलात. दिवसभराचे सर्व मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, ही मर्यादा आहे. आणि लोणचे, पापड, सांडगे, ठेचा यांतूनच ती ओलांडली जाते. ठेच्यात मीठ निम्मे करून लिंबू पिळावे. सावजी रस्सा आणि पोह्यावरची तर्री महिन्यातून एखाद्या वेळी ठीक आहे. बटाटेवडा-भज्यांसाठी वारंवार तापवलेले तेल मात्र टाळावेच. मूत्रपिंडे बाधित असल्यास प्रथिने आणि पोटॅशियम किती घ्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि मिठाऐवजी बाजारात मिळणारे 'लो सोडियम' मीठ त्यांना न विचारता वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

छातीत दुखू लागले तर

ल्युपसमध्ये छातीत दुखण्याची निरनिराळी कारणे असतात. हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर दुखणे टोचल्यासारखे असते, आडवे पडल्यावर आणि दीर्घ श्वास घेताना वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. हृदयविकाराच्या झटक्यात छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब येतो, तो जबडा, पाठ किंवा हातात उतरतो. परंतु बायकांमध्ये पुष्कळदा नुसता दम लागणे, घाम, मळमळ किंवा कधी नव्हे इतका थकवा एवढेच दिसते. फुफ्फुसात गुठळी अडकली तर अचानक धाप लागते आणि कधी एका पायाची पोटरीही सुजलेली असते. आपल्या भागात क्षयरोगामुळेही हृदयाच्या आवरणात पाणी होते, त्यामुळे डॉक्टरांनी त्या दिशेने तपासण्या केल्या तर वैतागू नये. घरी बसून यांतला फरक ठरवायचा नसतो. हे वर्णन डॉक्टरांना नीट सांगता यावे एवढ्यासाठीच दिले आहे.

दहा-पंधरा मिनिटांत दुखणे थांबले नाही, किंवा धाप, घाम, चक्कर यांपैकी काही असले तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका यायला फार वेळ लागणार असे कळले तर गावातील गाडी काढावी, पण मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. भुमकाकडे किंवा भगताकडे आधी जाऊन येऊ, सकाळची एसटी पाहू, असे म्हणण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. धारणीसारख्या ठिकाणाहून अमरावती गाठायलाच घाटातून काही तास लागतात. म्हणून थेट मोठ्या शहराकडे न धावता, जिथे ईसीजी निघतो त्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात आधी जावे. झटका असल्याचे निश्चित झाले तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुठे द्यायचे आणि रुग्णाला पुढे कुठे पाठवायचे हे तिथून ठरते, आणि ते इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. ॲस्पिरिनची गोळी चघळायला देण्याचा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, परंतु ल्युपसमध्ये प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील किंवा वॉरफेरिन चालू असेल तर तीच गोळी घातक ठरू शकते. आपल्या रुग्णाला ती चालेल की नाही हे धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: "मला ल्युपस आहे. या आजारात कमी वयातही हृदयविकार होतो. छातीत दुखत असल्यास किंवा धाप लागली असल्यास कृपया ईसीजी काढावा." खाली चालू गोळ्या व त्यांची मात्रा, प्लेटलेटचा शेवटचा आकडा, अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ॲस्पिरिन चालेल की नाही, रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन. त्यासोबत जुन्या ईसीजीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी घराच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवावी, आणि ती कुठे आहे हे शेजारच्या घरी सांगून ठेवावे. बहिणीच्या कार्डावरच्या गोळ्यांच्या मात्रा बदलल्या की तिचा आठवीतला मुलगा ते पुन्हा लिहून काढतो. सध्याचे सहावे आहे.